ठकूच्या खोलीचं दार

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संगमनेरला वडिलांचा लहानसा छापखाना आहे. मोर्चाचं, संपाचं, निषेध सभेचं, जे पत्रक दुसरा कुणी छापायला धजत नसे ते आमच्याकडे येई. उरलेल्या पत्रकांत आई भाकरी गुंडाळून द्यायची आणि डब्यातली भाकरी खाता खाता मी वाचायला शिकले. पूर्णविरामाच्या आधी मला उद्गारचिन्ह कळलं ते त्यामुळे.

त्या पत्रकांत जुन्या पुढाऱ्यांपैकी काकासाहेब फार यायचे. ते तुरुंगातून सुटले आणि पुढे दिल्लीच्या सभागृहात जाऊन बसले, तरी आमच्यासारख्यांची बाजू त्यांनी सोडली नाही. मी जन्मायच्या कितीतरी आधी ते गेले. तरीही आमच्या घरी त्यांचं नाव नात्यातल्या माणसासारखं निघे. त्यांचं जन्मस्थळ आपल्याच जिल्ह्यात आहे आणि आपण ते पाहिलेलं नाही, याची मला लाज वाटत होती. म्हणून यंदा श्रावणात पिशवी उचलली आणि जामखेडच्या बाजूला निघाले.

खांबगव्हाण

काकासाहेबांचं गाव लांबूनच ओळखू येतं. फाट्यावर दगडी कमान आहे, तिथून डांबरी रस्ता थेट स्मारकापर्यंत जातो. आत संगमरवरी फरशी, काचेच्या कपाटात चष्मा, काठी, जाड खादीचा कोट. शेवटच्या दालनात काचेमागे एक पाळणा टांगलेला होता आणि खाली पाटी: ‘येथे काकासाहेबांचा जन्म झाला. पिता धोंडिबा, माता भागीरथीबाई.’

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, मी हात जोडले. देवळात मी हात जोडत नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर बसले होते. शेजारी साठीपुढच्या एक बाई बसची वाट पाहत होत्या. मांडीवर पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी नव्या लुगड्याची घडी. पंचमीला माहेरी निघालेल्या कमलआक्का त्या. मी कुठून आले, काय पाहिलं, अशी चौकशी त्यांनी केली. पाळणा पाहून आले म्हटल्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

“तो पाळना परदर्शनातनं आनलाय गं बाई. आन जन्म हितं कुठला व्हायला? पयलं बाळंतपन कुनी सासरी करतंय व्हय?”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“भागीरथीबाई मोरदऱ्याची लेक. आमच्या गावची. पयलं पोर माहेरालाच झालं. ती खोली हाय अजून. तुला बघायची आसंल तर चल माज्यासंगं.”

हे मला सुचायला हवं होतं. मी स्वतः नेवाशाला, आजोळी जन्मले. तरी सगळ्या कागदांवर माझं जन्मगाव संगमनेर लागलेलं आहे आणि त्यात काही चुकलंय असं आजवर कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. मोठा माणूस बापाच्या गावचा, हे सरकारने, समितीने, पाहुण्यांनी धरूनच टाकलं. पहिल्या बाळंतपणाची रीत घराघरात ठाऊक असूनही कमान सासरी बांधली. माझ्या डोक्यात तिथल्या तिथे पत्रक तयार झालं: ‘आईचं गाव पुसणाऱ्यांनो!’

मोरदरा

मोरदऱ्याला बस जात नाही. फाट्यावरून जीप मिळते आणि तीही ओढ्यापर्यंतच. आमच्या संगमनेरला प्रवरेच्या कडेने उसाशिवाय काही दिसत नाही. इथे बालाघाटाच्या उघड्या माथ्यांवर श्रावणाने नुसता हिरवा हात फिरवलेला होता. उतारावर उडीद आणि तूर, मध्येच पांढरे खडक, आणि एवढं आभाळ की बोलताना आवाज आपोआप खाली येत होता.

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. फरशी कधीचीच वाहून गेलेली. जीप तिथे थांबली, आम्ही पाण्यात उतरलो आणि मधोमध चिखलाने माझी एक चप्पल गिळली. ती शोधायला वाकले तर दुसरी वाहून गेली.

“ऱ्हाऊ दे गं,” कमलआक्का पलीकडून ओरडल्या. “आमच्या वढ्यानं जावयाच्या बी चपला ठिवल्या न्हाईत!”

अशी मी राष्ट्रीय नेत्याच्या जन्मस्थळी अनवाणी पोचले.

घर म्हणजे पुढे ओसरी, मागे दोन खोल्या, वर मातीचं माळवद. ओसरीवर काचेच्या बांगड्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. हिरव्या सगळ्यांत जास्त. हे घर आता मण्यार कुटुंबाचं आहे. शमशादचाची बांगड्या भरतात, त्यांचे मालक मोटरसायकलवर पेटी बांधून गावोगावच्या बाजारांना जातात. पंचमीचा मोसम, त्यामुळे ते जामखेडला होते. घरी चाची आणि त्यांची लेक रेहाना. रेहाना पहिल्या बाळंतपणासाठी आलेली, दिवस भरत आलेले.

चाचींनी आधी माझे पाय पाहिले. काही न विचारता आपल्या चपला माझ्यापुढे सरकवल्या.

“काकासाहेबांची खोली पाहायला आलेय,” मी म्हणाले.

“काकासाहेबांची?” त्यांनी कमलआक्कांकडे पाहिलं. “ठकूची खोली म्हनतीय का?”

“तीच गं,” आक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “भागीरथी तिला सासरी केली. लग्नात नाव बदलत्यात न्हाई का? हिकडची ठकूच.”

संगमरवरावर कोरलेलं नाव या गावाला ठाऊकच नव्हतं. आणि काकासाहेब? त्यांना इथे कुणी काकासाहेबही म्हणत नाही. भाचा म्हणतात. “भाचा दिल्लीला गेल्ता तवा,” असं शाळकरी पोरंसुद्धा बोलतात. सगळ्या गावाचा तो भाचा.

खोलीचं दार दोन फळ्यांचं, जुनं, वर-खाली लाकडी खुंट्यांवर फिरणारं. चौकट इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत अंधार. डोळे सरावेपर्यंत मी नुसती उभी राहिले, आणि उभी म्हणजे मान वाकवून. जमीन सारवलेली, भिंती हाताने लिंपलेल्या, एक कोनाडा. ज्या माणसाचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जायचा असं वडील सांगतात, तो पहिल्यांदा रडला ती जागा एवढीशी. चार पावलांत संपणारी.

“वर बघ,” चाची म्हणाल्या.

त्यांनी मोबाईलचा उजेड आढ्यावर धरला. जाड काळं लाकूड आणि मधोमध त्याला पडलेला खोल वळ, गुळगुळीत, बोट बसेल एवढा.

“दोरी बांधायच्या हितं. कळा आल्या की बाईनं दोरीला धरायचं. ठकूनं धरली. तिच्या आधी तिच्या आईनं. मागनं किती जनींनी धरली, त्येचा काय हिशेब! दवाखाने निघाले तवापासून दोरी न्हाई बांधत.”

मी हात वर करून त्या वळात बोट ठेवलं. काचेतला चष्मा पाहताना अंगावर काटा आला होता. इथे काटाबिटा काही आला नाही. मी तिथेच सारवलेल्या जमिनीवर बसले. एका माणसाचं जन्मस्थळ पाहायला आले होते, आणि डोक्यावरच्या लाकडाला किती बायकांचं वजन लागलं होतं कोण जाणे.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे आणि भाकरी होती. आमच्याकडे शेंगोळे थंडीत करतात म्हटल्यावर रेहाना हसली. “हितं हुलग्याला बाराही महिने थंडीच, ताई. दुसरं काय पिकतंय?”

जेवताना घराची गोष्ट कळली. ठकूच्या भावाला मूलबाळ नव्हतं. चाचींचे सासरे त्याच्या ओसरीवर बांगड्या भरायला बसत. म्हातारपणी भावाने घर त्यांनाच दिलं आणि शब्द घेतला की गावच्या लेकीबाळींना या खोलीचं दार कधी बंद करायचं नाही. सासऱ्यांनी शब्द पाळला, आता चाची पाळतात. आज बाळंतपणं जामखेडच्या दवाखान्यात होतात. पण मोरदऱ्याची लेक बाळ घेऊन आली की आधी ठकूच्या खोलीत येते. बाळ घटकाभर त्या जमिनीवर निजवतात, मग आपल्या घरी नेतात. कुठल्याही जातीची असो.

“कमलआक्काची तिन्ही पोरं हितं निजवलीत,” चाची म्हणाल्या. “आता आमच्या रेहानाचं निजवायचं. पर आता काय हुतंय बघू.”

‘बघू’ कशाला, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

पंचमी

पंचमीला सकाळपासून ओसरी भरून गेली. सासरहून आलेल्या लेकी बांगड्या भरायला बसल्या होत्या. चाची एकेकीचा हात दाबत, बोटं चुरत, मनगटात काच अशी चढवायच्या की आवाज होऊ नये. गल्लीतल्या लिंबाला झोके बांधलेले. आज तवा चुलीवर चढत नाही, काही चिरत नाहीत, म्हणून घराघरांतून पुरणाच्या दिंडांची वाफ. दिंडं मी पाच घरची खाल्ली आणि कुठल्या घरची चांगली, यावर पाच घरी वेगवेगळं खोटं बोलले.

दुपारी ओढ्यापलीकडे सरकारी गाडी थांबली. विजारी गुडघ्यापर्यंत गुंडाळून मोजणीवाले साहेब आणि त्यांची दोन माणसं आली. बरोबर माजी सरपंच बापूराव. काकासाहेबांचं खरं जन्मस्थळ मोरदराच, हा अर्ज बापूरावांनी वर्षानुवर्षं लावून धरला होता आणि तो अखेर मान्य होत आला होता. साहेबांच्या माणसाने घराच्या कोपऱ्यापाशी लोखंडी खुंटी ठेवली, हातोडी उचलली आणि ओसरीवरून एकदम कालवा झाला.

“आरं, आज पंचमी! आज जमिनीत काय खुपसू नगं!”

“नागाला लागंल की!”

“मॅडम, नुसती खूण करायचीय,” साहेब म्हणाले.

“मग चुना टाका,” कमलआक्का म्हणाल्या. “न्हाईतर तुमच्या बुटात खुपसा.”

साहेब भले निघाले. चुन्याची रेघ मारून दिंडं खायला बसले. तेव्हा त्यांनी नियम सांगितला. जन्मस्थळ जाहीर झालं की घर रिकामं करून द्यायचं, खोली कुलूपबंद, दारातून दर्शन, आत प्रवेश नाही. कुटुंबाला गावठाणात दुसरी जागा. उद्याच्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला की पुढचं सुरू.

मी पेटले. त्याच ओसरीवर, शाळकरी पोरीकडून पेन मागून पत्रक लिहिलं आणि चाचींना वाचून दाखवलं. त्यात सरकार होतं, संगमरवर होता, स्त्रियांचा पुसलेला इतिहास होता, आणि शेवटी ‘खोली देणार नाही!’ असं तीन वेळा होतं.

चाचींनी शेवटपर्यंत ऐकलं. हातातली बांगडी चढवून झाल्यावर म्हणाल्या, “लई चांगलं लिवलंय. आन रस्ता?”

“रस्ता?”

“जन्मस्थळ झालं तर वढ्यावर पूल येतोय. बापूराव उगं न्हाई धावत.” त्यांनी आतल्या खोलीकडे मान केली. तिथे रेहाना कुशीवर पडली होती. “गेल्या पावसात पाटलाच्या सुनंला बाजेवर घालून वढ्यातनं नेली. पानी चढलं हुतं. बाई वाचली, बाळ न्हाई वाचलं. तू लिवलंस त्यात ती कुठं बसवू?”

पत्रकात अशा जागी उद्गारचिन्ह टाकून पुढे जाता येतं. ओसरीवर तसं जाता आलं नाही. खोली राखली तर पूल नाही. पूल आणला तर सासऱ्याने दिलेला शब्द मोडतो, आणि रेहानाच्या बाळाला ती जमीन लाभायची नाही. आणि हे सगळं जिच्यावर आलं होतं ती बाई पुढचा हात पुढे ओढून विचारत होती, “हिरव्या का लाल?”

ग्रामसभा

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणातच सभा बसली. पुरुष पुढे. मागे गावातल्या बायका, आणि त्यांच्याही मागे पंचमीला आलेल्या लेकी. त्यांची नावं सासरच्या यादीत, त्यामुळे माहेरच्या सभेत त्यांना मत नाही. भाच्याच्या गावात लेकींना मत नाही, हे मी पत्रकात घालायचं विसरले होते. आता उठून बोलले. बापूरावांनीच बोलू दिलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

“ताई, भाषान एक नंबर,” बापूराव म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, उलट आवाज थकलेला होता. “भाचा आसता तर त्यानं बी आसंच केलं आसतं. पर मला पूल पायजे. माझी सून बाजेवर गेली हुती, ताई.”

पाटलाची सून म्हणजे यांचीच. मी बसले.

मग चाची उठल्या. त्या कधी सभेत बोललेल्या नाहीत हे लोकांच्या माना वळल्या त्यावरून कळलं.

“खोली घ्या,” त्या म्हणाल्या. “कागदावर जन्मस्थळ लिवा, पूल आना. कोपऱ्याची खोली सरकारची, बाकीचं घर आमचं. तेवढ्यात आमी ऱ्हातो.”

साहेब उभे राहिले. “हे चालू शकेल, मी वर कळवतो. पण खोली कुलूपबंद करून ताब्यात घ्यावी लागते.”

“सासऱ्यानं शब्द दिलाय. दार बंद हुनार न्हाई.”

“अहो, दाराला कुलूप नाही म्हणजे ताबा कसा?”

“दाराला कुलूप लावता,” चाची म्हणाल्या. “दारच नसलं तर?”

पटांगणात कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना. बापूराव साहेबांकडे आणि साहेब झेंड्याच्या काठीकडे बघत राहिले. कमलआक्का मात्र उठल्या होत्या. त्यांच्या मागोमाग दुसरी उठली, तिसरी उठली.

“ए आक्का, तुमाला मत न्हाई हितं,” पुढून एक जण म्हणाला.

“मत न्हाई. हात हाईत.”

सगळ्या लेकी घराकडे निघाल्या. सभा त्यांच्या मागे गेली, ठराव न मांडताच. खुंट्यांवर फिरणारं ते दार काढायला सुतार लागत नाही. फळी वर उचलायची, खालची खुंटी खाचेतून सुटते, मग तिरकी करून बाहेर घ्यायची. चार-चार जणींनी एकेक फळी धरली. नव्या बांगड्या लाकडावर वाजत होत्या. पहिली फळी निघाली तसा उजेड आत शिरला, दुसरी निघाली आणि खोली थेट मागच्या भिंतीपर्यंत उजळली. कोनाडा दिसला. आढ्यावरचा वळ दिसला, बाहेरून वाकून बघणाऱ्यांनासुद्धा. जन्मभर त्या गावात राहिलेल्या पुरुषांनी तो कधी पाहिला नव्हता. बाळंतिणीच्या खोलीत ते कशाला जातील? बापूरावांनी टोपी काढली. मग एकेकाने काढली.

मी आजवर पुष्कळ सभा पाहिल्या आहेत. एकाही घोषणेशिवाय एवढं झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

सभा तिथेच ओसरीपुढे पुन्हा बसली. शेवटी ठरावात लिहिलं गेलं: खोली जन्मस्थळ म्हणून जपावी, ती गावच्या लेकींना खुली राहावी, आणि तिला दार नाही. पाटीवर काय लिहायचं ते चाचींनी माझ्यावर सोपवलं. मी ओसरीवर बसून लिहिलं: ‘ठकूची खोली. तिचा पहिला मुलगा इथे जन्मला.’ काकासाहेबांचं नाव खाली लहान अक्षरांत. उद्गारचिन्ह नाही.

निघताना मी चाचींच्या चपला परत करू लागले तर म्हणाल्या, “घाल, घाल. वढ्यात काढ मातर हातात.”

हे लिहिते आहे तोवर पूल झालेला नाही. फाईल वर गेली आहे, एवढंच बापूराव सांगतात. मान्य होईलच असं साहेबांनी कधीच म्हटलं नव्हतं. दाराच्या फळ्या चाचींनी ओसरीच्या भिंतीला लावून ठेवल्यात, त्यांवर आता धुणं वाळतं.

परवा मात्र फोन आला. रेहानाला कळा सुरू झाल्या तेव्हा ओढा उतरलेला होता. बापूरावांनी आपली जीप पाण्यातून बैलगाडीच्या चालीने पलीकडे काढली आणि दवाखान्याच्या पायरीपर्यंत नेली. परत आल्यावर बाळ आधी ठकूच्या खोलीत निजवलं, त्याचा फोटो पाठवलाय. सारवलेल्या जमिनीवर दुपट्यात एवढंसं तोंड, वर तो वळ, आणि उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. चौकटीतून एक शेळी मान आत घालून बघते आहे. तिला अडवायला दार नाही.

“मुलगा की मुलगी?” मी विचारलं.

पलीकडे चाचींनी फोन दूर धरून कुणाला तरी हाक मारली, पुन्हा जवळ घेतला. श्वास लागला होता, पण आवाज असा की साऱ्या गल्लीला ऐकू जावा.

“सांग तुज्या संगमनेराला. मोरदऱ्याला भाची झाली.”